शेजारी कोण? एका आज्ञेची कुळकथा

मोरजीच्या टोकाला उभे राहिले की शापोरा नदी समुद्रात शिरताना दिसते आणि पलीकडच्या डोंगरावर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. पोर्तुगिजांनी १६१७ साली तो बांधला, नदीच्या अलीकडच्या मुलखावर, म्हणजे आमच्या पेडण्यावर, नजर ठेवायला. अलीकडे तेव्हा आदिलशाही होती, पुढे वाडीकर सावंत आले. पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला तो १७८८ साली. तोवर ही नदीच सरहद्द. पलीकडे बार्देशात देवळे पडली आणि इगर्जी उभ्या राहिल्या. अलीकडे देवळांतली पूजाअर्चा चालू राहिली.

किल्ल्याच्या आदल्याच वर्षी, १६१६ मध्ये, साष्टीतल्या रायतूरला एक मराठी ग्रंथ छापून निघाला. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्याचे ते क्रिस्तपुराण. एकाच राजवटीत वर्षभराच्या अंतराने किल्लाही झाला आणि पुराणही झाले. किल्ला बघायला आज जगभरचे लोक येतात. मला लिहायचे आहे ते ज्या शिकवणीसाठी हे पुराण रचले गेले तिच्या गाभ्याबद्दल. ती आमच्याकडे कुठून आली, कोणत्या हातांनी आली आणि इथल्या लोकांनी तिचे काय केले, याबद्दल.

गाभा कोणता, हे शोधायला शास्त्री लागत नाही. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असे येशूलाच विचारले गेले होते. त्याने दोन सांगितल्या: सर्वस्वाने देवावर प्रेम करावे, आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकेच करावे. यातले नवे काहीच नव्हते. दोन्ही वचने यहुद्यांच्या धर्मशास्त्रातली, पहिले अनुवाद या ग्रंथातले, दुसरे लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातले. येशूने ती एकत्र बांधली आणि सगळे धर्मशास्त्र त्यांवर टांगलेले आहे असे सांगितले. म्हणजे देवावरची भक्ती खरी की खोटी हे शेजाऱ्याच्या दारात ठरणार.

लेवीयातला तो अध्याय मुळातून वाचण्यासारखा आहे. शेजाऱ्याबद्दलचे वचन येण्याआधी तिथे शेतीचे नियम येतात. पीक कापताना शेताच्या कडेचे कापू नये, खाली पडलेली कणसे वेचू नयेत, द्राक्षमळ्यातले सगळे घड तोडू नयेत. ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे अडकवू नये. बहिऱ्याला शाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. एवढे झाल्यावर शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा येते. आणि थोडे पुढे, तुमच्यात राहणाऱ्या परक्यावरही तसेच प्रेम करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता, असे कारण दिलेले आहे. या आज्ञेचा जन्म शेताच्या बांधावर झाला आहे. भातकापणी ज्याने केली आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण शेजारी म्हणजे नक्की कोण? लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला हेच विचारतो. उत्तरादाखल येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट डोंगराळ, ओसाड आणि चोरांची. त्या वाटेवर एकाला लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकला. याजक आला, बघून बाजूने निघून गेला. मंदिराच्या सेवेतला लेवी आला, तोही गेला. मग आला शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर जुने. देव कोणत्या डोंगरावर पुजायचा यावरून भांडण, आणि येशूच्या शंभरसव्वाशे वर्षे आधी यहुदी सत्ताधाऱ्याने शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरचे मंदिर जमीनदोस्त केलेले. अशा माणसाने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेले, धर्मशाळेवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणून सांगितले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी.

गोष्ट संपल्यावर येशूने उलटा प्रश्न केला: या तिघांतला कोण त्या जखमी माणसाचा शेजारी झाला? शास्त्र्याच्या तोंडी शोमरोनी हा शब्द येईना. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला. मंदिर पाडले गेलेल्या समाजातला माणूस, पाडणाऱ्यांच्या समाजातल्या माणसाची जखम धुतो, ही या गोष्टीची धार आहे. गोव्यात ती वाचताना तर फारच जाणवते.

बाकीची शिकवण याच मुळावर वाढली आहे. डोंगरावरच्या प्रवचनात वैऱ्यावर प्रेम करायला सांगितले. आम्ही क्षमा करतो तशी आम्हालाही कर, ही अट रोजच्या प्रार्थनेतच घातली. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातले का, तहानलेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का, याची. या सहांत मृताला मूठमाती देणे मिळवून चर्चने दयेची सात कामे ठरवली आणि मुलांच्या धर्मशिक्षणात ती पाठ करून घेतली. आणि मत्तयात येशूचा उपदेश सुरूच होतो तो पश्चात्ताप करा या हाकेने. चूक कबूल करून मागे फिरणे ही या धर्मात शिरण्याची पहिली पायरी आहे.

ही शिकवण गोव्यात आली ती मात्र तलवारीच्या सावलीत. तिसवाडीतली, मग साष्टी आणि बार्देशातली देवळे पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले आणि मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेजुइटांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचीही कत्तल झाली. शेजाऱ्यावर प्रेम करा हे ज्या तोंडांनी सांगितले त्यांच्याच राज्यात हे घडले. ते सौम्य शब्दांत गुंडाळण्यात अर्थ नाही, आणि त्यामुळे शिकवणच खोटी ठरते असेही मला वाटत नाही. शोमरोन्याच्या गोष्टीतला याजक आणि लेवी तरी वेगळे कोण होते?

स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढची चाळीसेक वर्षे बहुतेक साष्टीतच राहिला. कुंकळ्ळीचे प्रकरण झाले तेव्हा तो साष्टीतच होता. पुराण रचण्याची निकड त्याने ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. तो मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक नवा ख्रिस्ती ब्राह्मण म्हणाला की आमची जुनी पुराणे तर गेली, मग वाचायला-ऐकायला आम्हाला दुसरे काही का देत नाही? मला या ग्रंथातली ही जागा फार महत्त्वाची वाटते. मागणी गावातून आली होती. देव बदलला तरी संध्याकाळी एकत्र बसून ओव्या ऐकण्याची भूक बदलली नव्हती. परदेशी पाद्र्याने ती ओळखली आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची, कोकणी शब्द मिसळलेली ओवी हाती घेतली.

पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म, उपदेश, मरण आणि पुनरुत्थान. मिळून ९५ अध्याय, त्यांना तो अवस्वरू म्हणतो, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी गाताना त्याने तिला फुलांतल्या मोगरीची उपमा दिली. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. इथल्या लिपीत छापता यावे ही त्याची इच्छा तशीच राहिली. १६१९ मध्ये तो वारला. १६४९ आणि १६५४ साली पुराण पुन्हा छापले गेले. पण १६८४ मध्ये विजरईने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराण जगले ते गोवा सोडून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती घरांतल्या हस्तलिखितांत. त्यांवरूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्दान्यांनी ते पुन्हा छापले.

ओव्या ऐकणाऱ्या त्या साष्टीतून पुढच्या पिढीत एक माणूस निघाला, त्याच्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. जुझे वाझ, जन्म १६५१, बाणावली. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेषात श्रीलंकेत गेले. तिथे डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती. बौद्ध राजाच्या कँडीत पोचले तर हेर समजून कैदेत पडले. पुढे १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आजाऱ्याला घराबाहेर काढून रानात सोडून देत होते. वाझ आणि त्यांचे भाचे यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, फोड धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा हे पाहिले नाही. राजाने त्यांना मोकळेपणाने वावरू दिले ते हे बघून. इथे तोफा नव्हत्या, विजरई नव्हता. दयेची पाठ केलेली सात कामे एका गोवेकराने परक्या देशात एकेक करून पार पाडली. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

आणि सरहद्दीच्या अलीकडे, पेडणे-डिचोलीत? इथले लोक ना क्रिस्तपुराण वाचत होते, ना धर्मशिक्षणाला जात होते. त्यांनी एक गोष्ट रचली. सात बहिणी आणि एक भाऊ होता. लईराई शिरगावला राहिली, केळबाई मुळगावला, महामाया मयेला, मोरजाई मोरजीला. आणखी दोघींची नावे आणि ठिकाणे गावागणिक बदलतात. भाऊ खेतोबा. आणि सातवी बहीण मिराबाई नदीपलीकडे म्हापशाला गेली, तिथे ख्रिस्ती झाली. म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, ती हीच, असे लोक सांगतात. ती इगर्ज मुळात १५९४ सालची.

नकाशा समोर ठेवून ही कथा वाचा. लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, सगळ्या तेव्हाच्या सरहद्दीच्या या अंगाला. मिराबाई एकटी त्या अंगाला, जिथे देवळे राहिली नव्हती. लोकांनी तिला वाळीत टाकले नाही. धर्म बदलला म्हणून ती मेली असेही म्हटले नाही. बहीण ती बहीणच. ईस्टरनंतर साधारण पंधरा दिवसांनी, सोमवारी, सायबिणीचे फेस्त असते. तिथे हिंदू बायका तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. शिरगावहून लईराईने सायबिणीला मोगरीची फुले धाडावीत आणि म्हापशाहून लईराईला तेल यावे, अशी परंपरा जुनी माणसे सांगत आली आहेत.

लईराईची कथा तर पश्चात्तापाचीच आहे. भावाला तिने विस्तव आणायला धाडले, तो खेळत रमला, उशीर केला म्हणून तिने रागाने त्याला लाथ मारली. मग तिला इतके वाईट वाटले की ती प्रायश्चित्त म्हणून निखाऱ्यांवरून चालली. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री व्रतस्थ धोंड होमकुंडातून जातात ते तिच्या मागोमाग. ही कथा ख्रिस्ती शिकवणीतून आली असे कुणी म्हणू नये, तसे काही नाही. पण शुभवर्तमानाचा उपदेश जिथून सुरू होतो ते ठिकाण इथल्या माणसाला आधीपासून ओळखीचे होते, आणि पलीकडे गेलेल्या बहिणीशी नाते टिकवायला त्याला कुणी शिकवावे लागले नाही, हे म्हटलेच पाहिजे. शेजारी कोण या प्रश्नाला नदीच्या या काठाने दिलेले उत्तर मला शोमरोन्याच्या गोष्टीच्या तोडीचे वाटते. देवळे ज्यांची पडली त्यांच्याच नातेवाइकांनी दिलेले ते उत्तर आहे.

चर्चलाही आपल्या पहिल्या पायरीवर परत यावे लागले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत, सत्याच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या जबरदस्तीबद्दल देवाकडे क्षमा मागितली. उशीर फार झाला होता, पण ती मागितली जाणे आवश्यक होते.

रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीत मात्र शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली आणि नंतर फादर कारिदाद द्रागो यांनी ते आणले आहे. मराठी वाचणाऱ्या पेडणेकराने ते एकदा तरी हातात घ्यावे. आणि पुढच्या फेस्ताच्या सोमवारी, आता तरीची वाट बघावी लागत नाही, शिवोलीच्या पुलावरून म्हापशाला जाऊन या. म्हापशाच्या मंडळींनी लईराईच्या जत्रेला शिरगावला यावे, आणि येताजाता मोरजाईकडेही.