जोडलेल्या हातांची घरे : शिराकावा-गो आणि गोकायामा

जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागी हाकुसान पर्वताच्या (उंची 2702 मीटर) पूर्वेस शो नदीचे अरुंद खोरे आहे. खोऱ्याचा वरचा भाग शिराकावा-गो गिफू प्रांतात, तर खालचा भाग गोकायामा तोयामा प्रांतात मोडतो. सभोवती दाट अरण्य, हिवाळ्यात दोन मीटरहून अधिक बर्फ आणि सपाट जमीन अत्यल्प, अशी येथील भौगोलिक परिस्थिती आहे. भातशेतीस फारसा वाव नसल्यामुळे पूर्वीचे शेतकरी डोंगरउतारावर रान तोडून, जाळून राळा, सावा व कुट्टू पिकवीत. या अन्नधान्यावर पोटही भरत नसे आणि करही भागत नसे. म्हणून कागद, रेशीम आणि सोरा हे तीन जोडधंदे या खोऱ्याचे आधार बनले.

या तिन्ही धंद्यांचे केंद्र घर हेच होते. येथील घरांना ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. ‘गाश्शो’ म्हणजे वंदनेसाठी जोडलेले हात. सुमारे साठ अंशांच्या उताराचे, गवताने शाकारलेले छप्पर तसे दिसते, म्हणून हे नाव पडले. परंतु त्या आकारामागील कारण व्यावहारिक आहे. तीव्र उतारावर बर्फ साचून राहत नाही आणि उंच छपराखाली अनेक माळे मिळतात. या माळ्यांवर रेशीमकिडे पाळले जात. खाली जमिनीत खोदलेल्या चुलीची ऊब फटींच्या तक्तपोशीतून वर चढे आणि तिच्या धुराने छपराचे दोर व वासे टिकून राहत.

चुलीजवळच्या जमिनीखाली मात्र निराळाच उद्योग चाले. तेथील खोल खड्ड्यांत माती, रानगवत व रेशीमकिड्यांची विष्ठा यांचे थर रचून ते काही वर्षे कुजू देत. मग ती माती पाण्याने निथळून, ते पाणी राखेसह उकळून सोरा काढीत. हा सोरा बंदुकीच्या दारूसाठी कागा संस्थानाचे मायेदा सरदार घेत. हेच संस्थान गोकायामाचा उपयोग हद्दपारीसाठीही करी. कैदी पळू नयेत म्हणून शो नदीवर पूल बांधू दिला जात नसे. ग्रामस्थांना दोरावरून ओढल्या जाणाऱ्या टोपलीत बसून नदी पार करावी लागे.

या लोकांचा धर्म जोदो शिन्शू हा होता. या पंथाचे संस्थापक शिनरान (1173–1263) यांनी भिक्खू व गृहस्थ यांतील भेद दूर सारून सर्व श्रद्धावान हे सहप्रवासी बंधू आहेत असे शिकविले. 1471 साली रेन्न्यो योशिझाकी येथे आले आणि ही शिकवण होकुरिकूच्या खेड्यापाड्यांत पसरली. त्यांचे शिष्य दोशू हे गोकायामातील आकाओचेच होते. गावोगावी ‘दोजो’ नावाची प्रार्थनागृहे उभी राहिली आणि त्यांची व्यवस्था शेती करणारा उपासकच पाहत असे.

या समूहजीवनाची दुसरी बाजू ‘युई’ ही परस्परसाहाय्याची पद्धत होय. तीस-चाळीस वर्षांनी छपराचे गवत बदलावे लागते. ते काम एका कुटुंबाच्या आवाक्यातले नसल्यामुळे सारा गाव एकत्र येऊन ते एक-दोन दिवसांत उरके. कोणी किती दिवस श्रम दिले, किती गवत व दोर आणले याची वही ठेवली जाई आणि त्या श्रमाची फेड श्रमानेच होई. वंदनेचे खरे हात हे होते.

तथापि, या चित्राची काळी बाजूही पाहणे आवश्यक आहे. शिराकावाच्या नाकागिरी भागात जमिनीची वाटणी टाळण्यासाठी केवळ ज्येष्ठ पुत्रालाच विवाह करून वधू घरी आणता येई. धाकटे भाऊ व बहिणी जन्मभर त्याच घरात राबत. धाकट्या भावांचे संबंध रात्रीच्या भेटीपुरते असत आणि त्यांची मुले आईच्या घरी वाढत. एका छपराखाली वीस-तीस माणसे नांदत, पण घराची मालकी एकाची असे. दोजोमध्ये सर्व बंधू होते, चुलीपाशी नव्हते. समतेची शिकवण प्रार्थनागृहात शतकानुशतके ऐकली गेली, परंतु जमिनीच्या व श्रमाच्या व्यवस्थेला ती बदलू शकली नाही. रेशमाच्या गिरण्यांनी व शहरांनी बाहेर रोजगार दिला, तेव्हाच ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोपली.

पुढे विदेशी सोऱ्याने येथील सोरा संपविला. रेशमाचा धंदाही ओसरला. 1961 साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाखाली अनेक वस्त्या बुडाल्या. तेव्हा ओगिमाची गावाने 1971 मध्ये ‘विकू नये, भाड्याने देऊ नये, पाडू नये’ असा नियम स्वतःला घालून घेतला. 1995 साली ओगिमाची, आइनोकुरा व सुगानुमा ही गावे जागतिक वारसा ठरली. आज पर्यटन हे तेथील उपजीविकेचे मोठे साधन आहे.

तात्पर्य, एखाद्या बौद्ध समाजाची परीक्षा त्याच्या विहारावरून जितकी करावी, तितकीच त्याच्या घरातील श्रम, जमीन व विवाह यांच्या व्यवस्थेवरूनही केली पाहिजे. या खोऱ्याने आपल्यापुढे युईचा आदर्श ठेवला आहे आणि धाकट्या भावंडांचे मूक आयुष्यही. अभ्यासकाने दोहोंची नोंद सारख्याच आस्थेने घ्यावयास हवी.