ऑपेरा हाऊसचे मूळ रूप कोणते?

मुंबईत चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. बांधकाम मात्र पुढच्या वर्षी संपले. मॉरिस बँडमन आणि जहांगीर कराका यांनी ते उभारले. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्वही गायले. १९३५ मध्ये इमारतीचे चित्रपटगृह झाले.

माझे अब्बा नळबाजारातून चालत तिथे सिनेमाला जात. राजाने उद्घाटन केलेल्या वास्तूत आपल्यासारखा कारागीरही तिकीट काढून ताठ मानेने बसतो, याचे त्यांना मोठे अप्रूप होते.

१९५२ मध्ये ही वास्तू गोंडलच्या राजघराण्याकडे गेली. पुढे प्रेक्षक रोडावले आणि १९९३ मध्ये दारे बंद झाली. जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. सिनेमाच्या काळात गेलेले बाजूचे बॉक्स परत आले. लोक म्हणाले, मूळ वैभव परतले.

काम देखणे झाले आहे, यात वाद नाही. पण हिशेब मांडून पाहा. सिनेमाआधीची वर्षे जेमतेम चोवीस, सिनेमाची अठ्ठावन्न. मग मूळ कशाला म्हणायचे? आपण बांधणाऱ्यांची नावे जपतो, तिथे रोज येणाऱ्यांना विसरतो. इमारत न पाडताही माणसे इतिहासातून वगळता येतात.

म्हणून घरातल्या बुजुर्गांना विचारा, ते सांगतील ते लिहून ठेवा. अब्बांकडून तिथल्या आठवणी लिहून घ्यायच्या होत्या. आज, उद्या करता करता ते राहूनच गेले.