नंबर पोर्ट करण्याआधी हा हिशेब करा

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआयने रिचार्ज महाग केले, बीएसएनएलने मात्र दर तसेच ठेवले. तेव्हापासून आमच्या अर्नाळ्यात पोर्ट करण्याचा विषय सारखा निघतो. माझ्या मामेभावानेही स्वस्त प्लॅन बघून नंबर पोर्ट केला. बंदरावर रेंज फुल, घरात शून्य! बँकेचा ओटीपी आला की नाही हे बघायला तो रात्रीसुद्धा अंगणात जायचा. आणि ९० दिवस परत पोर्टही करता येईना. तुमचं असं होऊ नये म्हणून हा लेख.

१. महिना नाही, दिवस मोजा

२८ दिवसांचा प्लॅन घेतला तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन त्या दरवाढीत २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. १३ रिचार्जचे झाले ३,८८७ रुपये, म्हणजे आधीपेक्षा वर्षाला ७८० जास्त.

कोणताही प्लॅन तुलना करायचा तर सूत्र सोपं आहे: किंमत भागिले दिवस. २९९ भागिले २८ म्हणजे रोजचे १०.६८ रुपये. तेवढाच डेटा देणारा ८४ दिवसांचा प्लॅन ७९९ ला होता, तो पडतो रोज ९.५१ ला. म्हणजे कंपनी न बदलताही वर्षाला सव्वाचारशे रुपये वाचतात. दर बदलत राहतात, त्यामुळे आकडे आजचे घ्या, सूत्र हेच ठेवा. सगळ्या कंपन्यांचे प्लॅन ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर एका जागी दिसतात.

२. डेटा खरंच किती लागतो?

फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर बघा. रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. घरी वायफाय असेल तर यातला बराचसा डेटा रोज रात्री वाया जातो. आणखी एक गोष्ट: त्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा जास्त डेटाच्या प्लॅनपुरतंच ठेवलं. तुमचा फोन ५जी नसेल तर त्याचे पैसे कशाला भरायचे?

३. रेंज आधी, किंमत नंतर

नव्या कंपनीचं सिम मित्राकडून एक दिवस मागून घ्या किंवा फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये स्वस्त सिम टाकून बघा. घरातल्या आतल्या खोलीत, विरार स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत, लोकलमध्ये आणि कामाच्या ठिकाणी तपासा. किल्ल्यावर राहत असाल किंवा घरचे बोटीवर जात असतील तर तिथेही. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचे नकाशे असतात, पण भिंतीच्या आत काय होतं ते नकाशा सांगत नाही.

४. पोर्ट करण्याचे नियम

- सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत. पोस्टपेडचं बिल थकलेलं नको.
- सिम हरवून नवं घेतलं असेल तर ७ दिवस पोर्टिंग कोड मिळत नाही. सिम-फसवणूक रोखण्यासाठी हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.
- इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’, मग जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करा. आलेला आठ अक्षरी कोड महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. तो कोणालाही फोनवर सांगू नका.
- एकाच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस लागतात, वेगळ्या सर्कलमध्ये ५. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा ही वेगळी सर्कल आहेत, तेव्हा तुमचं सिम कुठलं ते आधी बघा.
- प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि उरलेले दिवस बुडतात, परत मिळत नाहीत.

म्हणून रिचार्ज संपायला आठवडाभर उरला की प्रक्रिया सुरू करा. नवा रिचार्ज मारून लगेच पोर्ट केलंत तर ते पैसे गेले. सिम बदलण्याच्या वेळी नंबर काही तास बंद राहतो, त्यामुळे परीक्षेचा फॉर्म किंवा बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका.

शेवटचा हिशेब असा: वर्षाची बचत किती, बुडणारा बॅलन्स किती आणि घरात रेंज येते का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिल्या दोघांकडे बघायचीही गरज नाही.