संघ कोणाचा?

'आपला संघ' हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो! सामना पाहून घरी परतणारा माणूस 'आपण जिंकलो' असे सांगतो. 'ते जिंकले' असे काही तो म्हणत नाही. वस्तुतः त्याने मैदानात पाऊल टाकलेले नसते आणि संघाच्या जमाखर्चाच्या वहीत त्याचे नावही नसते. तिकिटाचे पैसे आणि घशाला पडलेली कोरड, एवढेच काय ते त्याचे भांडवल. तरीही त्याच्या त्या 'आपण'मध्ये खोटे काही नसते. ते खरे की खोटे हा प्रश्न निराळ्याच वेळी उभा राहतो. ज्याच्या पैशावर संघ चालतो तो धनी एके दिवशी हात आखडता घेतो, संघ विकतो किंवा मोडतो, आणि त्या वेळी या 'आपण'ला विचारणारा कोणीच नसतो.

आपल्या देशातील फुटबॉलच्या शौकिनांत गेल्या काही वर्षांत हा वाद मोठ्या हिरिरीने झाला. तो नव्या व्यापारी जमान्याने आणला अशी समजूत आहे. पण या वादाचा एक जुना अध्याय भोपाळच्या तलावाकाठी लिहिला गेला आहे. तो फुटबॉलचा नव्हे, हॉकीचा आहे. परंतु प्रश्न तोच आहे, म्हणून आरंभ तेथून करणे सोयीचे होईल.

भोपाळचे संस्थान बेगमांच्या राज्यकारभाराबद्दल प्रसिद्ध होते. त्या मालिकेतील अखेरच्या बेगम सुलतान जहाँ यांनी १९२६ साली आपले धाकटे चिरंजीव हमीदुल्ला खान यांच्याकरिता गादी सोडली. हमीदुल्ला खान अलीगढला शिकलेले, राजकारणात मुरलेले आणि खेळांचे मोठे षोकीन होते. पोलोच्या मैदानावर त्यांचे नाव होते. क्रिकेटच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान हे त्यांचे जामात, आणि भारताचे पुढील काळातील कर्णधार मन्सूर अली खान हे त्यांचे नातू. मन्सूर अलींचा जन्मही भोपाळचाच.

अशा राजाच्या गावात हॉकी वाढली. हमीदुल्लांचे दिवंगत वडील बंधू ओबेदुल्ला खान यांच्या नावाने १९३१ साली सुवर्णचषकाची स्पर्धा सुरू झाली आणि देशातील नामांकित संघ भोपाळला येऊ लागले. 'भोपाळ वाँडरर्स' हे नाव त्याच काळात सर्वतोमुखी झाले. १९३६ साली ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली बर्लिन ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात अहसन मुहंमद खान आणि अहमद शेर खान हे दोघे भोपाळचे होते. १५ ऑगस्ट १९३६ रोजी त्या संघाने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. पुढे १९४८ साली, स्वतंत्र भारताने लंडनमध्ये पहिले सुवर्णपदक मिळविले तेव्हाही त्या संघात भोपाळचे अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान होते.

एवढ्याशा संस्थानात हे कसे घडले? उत्तर साधे आहे. त्या काळी खेळाडूला खेळाबद्दल पैसा मिळत नसे, पण पोट तर भरावे लागे. राजाच्या मर्जीतील खेळाडूला संस्थानात चाकरी मिळे आणि चाकरीतून खेळायला वेळ मिळे. काठियावाडातील माणावदरसारख्या लहानशा संस्थानानेही याच रीतीने असा संघ बांधला, की १९३८ साली तो थेट न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. ज्याला आपण राजाश्रय म्हणतो तो हाच. मल्लाला खुराक, गवयाला तनखा, तशी हॉकीपटूला नोकरी. या आश्रयाने कर्तृत्वाला वाव दिला हे कोणीही प्रामाणिकपणे मान्य करावे.

परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. ती म्हणजे राजा आहे आणि तो राहणार आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थानाचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. काही खेळाडू सीमेपलीकडे गेले. १९४८ साली भारतासाठी सुवर्णपदक जिंकणारे अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान १९५६ साली मेलबोर्नला पाकिस्तानच्या संघात होते, आणि अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असे हरविले! हमीदुल्ला खान १९६० साली निवर्तले. ज्या खजिन्यावर संघ पोसला जात होता तो खजिनाच उरला नाही. वाँडरर्स त्या दिमाखाने पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांच्यासाठी मैदानाभोवती गर्दी करणाऱ्या भोपाळकरांना यात कोणी काही विचारले नाही. विचारण्याची तशी सोयच नव्हती. संघ दरबाराचा होता, रयतेचे होते ते केवळ प्रेम.

मात्र येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. संघ गेला, पण खेळ गेला नाही. जुन्या शहराच्या मोहल्ल्यांतून मुले काठ्या घेऊन खेळतच राहिली. इनाम-उर-रहमान १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकला गेले. १९७५ साली क्वालालंपूरच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत मागे पडला असता बरोबरीचा गोल ज्याने केला, तो अस्लम शेर खान बर्लिनच्या अहमद शेर खानांचा मुलगा. दोन दिवसांनी भारत विश्वविजेता झाला. पुढे जलालुद्दीन रिझवी, समीर दाद ही नावेही भोपाळनेच दिली. याचा अर्थ असा, की राजाश्रयाखाली उभारलेल्या इमारतीचा कळस ढळला तरी पाया लोकांत होता, म्हणून तो टिकला. उणीव एवढीच, की घडलेल्या खेळाडूला भाकरीसाठी गाव सोडून विमान कंपनी, रेल्वे अशा बाहेरच्या दारी जावे लागले. सुवर्णचषकाच्या स्पर्धेतही मध्ये वर्षानुवर्षे खंड पडला.

पुढे २०१२ साली भोपाळला पुन्हा एक संघ लाभला. त्या वर्षी हॉकीची एक व्यापारी लीग सुरू झाली. तिच्या आठ संघांपैकी एकाचे नाव होते 'भोपाळ बादशाह'. ऐशबागच्या मैदानावर दिवे लागले, गर्दी लोटली. लीग एक मोसम चालली आणि थांबली. तिच्याबरोबर हे बादशाहही गेले. नवाबांचा संघ त्यांच्या राजवटीइतका तरी जगला. या नव्या बादशाहीला एका वसंत ऋतूचेच आयुष्य होते. धनी बदलला, पण लोकांचे स्थान बदलले नाही. तेव्हा ते प्रजा होते, आता गिऱ्हाईक झाले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहावयाचे तर कोल्हापुरास जावे. कोल्हापूर हेही संस्थान आणि तेही १९४९ सालीच, १ मार्च रोजी, मुंबई प्रांतात विलीन झाले. तेथेही छत्रपतींचा खेळांना उदार आश्रय होता. राजर्षी शाहू महाराजांचे कुस्तीचे खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला छत्रपती घराण्याचा आधार लाभला. पण संघ कोणाचे? पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावेच सांगतात की संघ तालमींचे, म्हणजे पेठांचे. ज्या तालमीत गणपती बसतो तिचाच फुटबॉलचा संघ. खर्च वर्गणीतून, देणगीतून, पेठेतल्या दुकानदाराच्या खिशातून. त्यामुळे संस्थान विलीन झाले तरी संघ विलीन झाले नाहीत. शाहू स्टेडियमवर आजही पेठांच्या लढती चालतात आणि लोक कामधंदा टाकून जातात.

हा लोकाश्रय म्हणजे निर्भेळ अमृत आहे असे मात्र समजू नये. अनेक धनी असलेल्या घरात भांडणेही अनेक असतात. समर्थकांच्या हुल्लडबाजीपायी सामने बंद ठेवण्याचे प्रसंग कोल्हापूरने पाहिले आहेत. वर्गणीच्या पैशाला मर्यादा असते, म्हणून तालमींचे संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत पोहोचले नाहीत. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २०१७ साली खेळलेल्या अनिकेत जाधवसारख्या कोल्हापुरी मुलालाही मोठ्या क्षेत्रासाठी बाहेर जावे लागले. हल्ली तालमीही प्रायोजक शोधतात, परदेशी खेळाडू आणतात. तरीही एक गोष्ट खरी: तेथे संघ एका सहीने मोडत नाही.

एका सहीने संघ कसा मोडतो ते मुंबईने पाहिले आहे. राजेरजवाडे गेल्यावर त्यांची जागा गिरण्यांनी आणि कारखान्यांनी घेतली. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स ही कुपरेजवर गाजलेली नावे. त्याच परंपरेतील महिंद्रांचा संघ १९६२ साली निघाला, त्याने २००५-०६ सालची राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० साली तो बंद करण्यात आला. विजेतेपदाला पाच वर्षेही झाली नव्हती! गोव्यातील धेंपो क्लबने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळविले; खाणमालकांच्या आश्रयाने तेथील फुटबॉल फुलला. पण २०१६ साली लीगच्या फेररचनेवरून वाद झाला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. कारणे सबळ असतीलही, पण निर्णय कोणी घेतला? धन्याने. प्रेक्षकाला तो वर्तमानपत्रातून कळला.

हे मुकाट्याने सोसायचे नाही असे ठरविले ते कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी. १९२० साली स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल क्लबला मोठ्या लीगमध्ये खेळण्यासाठी एका सिमेंट कंपनीचे भांडवल मिळाले. पण अंतिम करारावर सही केल्यास क्लबचे हक्क हातचे जातील, असे पदाधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. २१ जुलै २०२१ रोजी क्लबच्या तंबूसमोर समर्थकांचेच दोन गट समोरासमोर आले आणि पोलिसांना लाठी चालवावी लागली. एक गट म्हणे, 'सही करा, नाहीतर संघ बुडेल'. दुसरा म्हणे, 'सही केलीत तर क्लबच बुडेल.' दोघांचेही म्हणणे प्रेमापोटी होते आणि दोघांतही तथ्य होते, हेच या वादाचे खरे दुःख. मोहन बागानने २०२० साली आपल्या फुटबॉल विभागाचा ८० टक्के हिस्सा उद्योगपतींच्या हाती दिला आणि त्यांच्या जुन्या संघाचे नाव क्लबच्या नावाआधी लागले. समर्थकांनी तीन वर्षे निषेध चालविला. २०२३ साली ते नाव निघाले. मात्र त्याच वेळी मालकांच्या क्रिकेट संघाशी जुळणारे 'सुपर जायंट' हे बिरुद मागे जोडले गेले! जय मिळाला, पण अर्धा.

लीगही अशीच एका करारावर उभी होती. २०१० सालचा पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपत आला आणि नवा ठरेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा मोसम स्थगित ठेवण्यात आला.

मग यावर उपाय काय? जर्मनीने १९९८ साली क्लबांना भांडवलदार आणण्याची मुभा दिली. पण सामान्यतः निम्म्याहून एक मत अधिक सभासदांच्याच हाती राहावे असा नियम घातला. पैसा येतो, शब्द मात्र सभासदांचा राहतो. त्यालाही अपवाद आहेत, वाद आहेत. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलता येईल असेही नाही; कारण सभासदाने मत मागावयाचे तर त्याने आधी वर्गणी भरली पाहिजे, हिशेब वाचला पाहिजे, वार्षिक सभेला बसले पाहिजे. 'आपण जिंकलो' म्हणणे सोपे. 'आपण तोट्यात आहोत' हेही त्याच आपलेपणाने म्हणता आले पाहिजे.

भोपाळचा इतिहास आपल्याला हेच सांगतो. आश्रयदाता हवा, त्याच्याविना मोठे संघ उभे राहत नाहीत, आणि त्याचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आज मध्य प्रदेश सरकारची हॉकी अकादमी भोपाळात आहे. टोकियोच्या कांस्यपदक विजेत्या संघातील विवेक सागर प्रसाद तेथेच घडला. हाही एक राजाश्रयच, फक्त राजा निराळा. पण आश्रयदात्याची छाया सरकते तेव्हा ऊन कोणी सोसावयाचे, याची तजवीज आधीच करावी लागते. वाँडरर्सच्या वेळी ती कोणी केली नव्हती. मोहल्ल्यातल्या मुलांनी खेळ राखला म्हणून भोपाळची हॉकी वाचली. संघ राखणे त्या मुलांच्या हाती नव्हते. ते ज्यांच्या हाती असू शकते त्या आपणा प्रेक्षकांनी, आपल्या 'आपण' या शब्दाची किंमत मोजायला आपण तयार आहोत काय, हे एकदा स्वतःला विचारावे.