मोटार मेकॅनिकचा आयटीआय कोर्स : गॅरेजमधल्या हाताला सर्टिफिकेटची जोड

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधल्या अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मार्क बेताचे आहेत, मुलाला गाड्यांची आवड आहे, मामूंचं गॅरेज जवळच आहे, मग लावून द्या तिथेच. गाडी दुरुस्तीचा धंदा आपल्या समाजाचा जुना आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मोटार वाहनांची विक्री आणि दुरुस्ती हे मुस्लिम कामगार मोठ्या प्रमाणात असलेलं क्षेत्र म्हणून नोंदवलेलं आहे. म्हणजे हात आपल्याकडे आहेत. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, एसटीच्या वर्कशॉपमध्ये किंवा कारखान्यात भरती निघते तेव्हा हाताआधी कागद विचारला जातो, आणि तिथे आपली मुलं मागे पडतात. म्हणून हा कागद कसा मिळवायचा, त्याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

सरळ रस्ता म्हणजे आयटीआयमधला 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा ट्रेड. मुदत २ वर्षं. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास असावं लागतं, वय किमान १४. वेगळी प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन फेऱ्यांनी होतात. सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानाने अगदी कमी असते. 'मेकॅनिक डिझेल' हा १ वर्षाचा ट्रेडही आहे, पण पुढे शिकायचं असेल तर २ वर्षांचाच घ्यावा असं आमचं मत आहे. कारण दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात अर्ज करता येतो. काही सरकारी आयटीआयमध्ये अल्पसंख्याक मुलांसाठी जादा तुकड्याही चालतात. फॉर्म भरताना त्याची चौकशी जरूर करावी, अनेकांना हे ठाऊकच नसतं.

दहावीत एखादा विषय राहिला असेल तर मुलाला कायमचा गॅरेजवर बसवू नका. पुरवणी परीक्षा असते. शाळा मध्येच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावी देता येते. १४ वर्षांखालच्या मुलाला तर कामावर ठेवणंच कायद्याने गुन्हा आहे, मग मालक नात्यातला उस्ताद असला तरी लोकांनी कानाडोळा करू नये.

आता मुख्य प्रश्न. जे उस्ताद फुकटात शिकवतात त्यासाठी २ वर्षं कशाला घालवायची? १५ वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्यात दम होता. कार्ब्युरेटर उघडून साफ करणं, टायमिंग लावणं, आवाजावरून बिघाड ओळखणं हे सगळं उस्तादाजवळ उभं राहूनच येतं, पुस्तकातून नाही. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि चित्र बदललं. बहुतेक नव्या दुचाकींतसुद्धा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर काय सांगतो ते इसीयू ऐकतं आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतं. गाडी पिकअप घेत नाही तेव्हा दोष इंजिनात असेल, सेन्सरमध्ये असेल किंवा नुसत्या गंजलेल्या कनेक्टरमध्ये. स्कॅनर लावला की कोड येतो, पण कोड म्हणजे निदान नव्हे. वायरिंगचा नकाशा वाचता आला आणि मल्टिमीटरने व्होल्टेज तपासता आलं तरच खरा दोष सापडतो. नाहीतर काय होतं? एक सेन्सर बदलला, फरक नाही. दुसरा बदलला, फरक नाही. बिल वाढतं आणि गिऱ्हाईक तुटतं.

आयटीआयमध्ये हा पाया घातला जातो. सुरुवातीला फिटिंग, वेल्डिंग आणि मोजमाप, अगदी सिलिंडरची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण इंजिन बोअर करायचं की नाही ते याच आकड्यावर ठरतं. मग इंजिन, कूलिंग, क्लच-गिअरबॉक्स, स्टिअरिंग, ब्रेक, इलेक्ट्रिकल. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी काही संस्थांत स्वतंत्र ट्रेडही आला आहे. त्या गाड्यांमधल्या नारिंगी केबलमध्ये जीवघेणं व्होल्टेज असतं. ते काम बघून-बघून शिकण्याचं नाहीच.

अर्थात सगळे आयटीआय सारखे नसतात. कुठे तीस वर्षांपूर्वीचं कापलेलं इंजिन स्टँडवर ठेवून दोन्ही वर्षं काढली जातात. प्रवेशाआधी पालकांनी वर्कशॉपमध्ये चक्कर मारावी. चालू स्थितीतली नवी गाडी आहे का, स्कॅनर आहे का, मुलांचे हात काळे दिसतात का, एवढं बघितलं तरी पुरे. खासगी संस्था असेल तर एनसीव्हीटीची संलग्नता त्या ट्रेडला आहे का ते विचारा. 'सहा महिन्यांत ऑटोमोबाईल डिप्लोमा' अशा पाट्या लावणाऱ्यांचा कागद पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला चालत नाही. आणि हजेरी ८० टक्के लागते, लग्नाच्या सीझनमध्ये मुलांना गावी नेताना हे ध्यानात ठेवावं. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी मुलगा उस्तादांकडे जात असेल तर उत्तमच. वेग आणि गिऱ्हाइकाशी बोलणं तो तिथेच शिकेल.

पास झाल्यावर लगेच नोकरीमागे धावण्यापेक्षा १ वर्षाची अप्रेंटिसशिप करावी. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन दुसरं राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येतं. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात गाड्यांचे मोठे कारखाने आहेत, तिथे या प्रमाणपत्राला किंमत आहे.

वर्षानुवर्षं गॅरेज चालवणाऱ्या मोठ्या माणसांनी काय करायचं? त्यांच्यासाठी आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी आरपीएल योजना आहे. थोडं प्रशिक्षण, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. स्वतःचं गॅरेज वाढवायचं असेल तर मुद्रा कर्ज किंवा मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या योजना बघाव्यात.

राहिला गल्फचा विषय. दहावी पास असेल तर पासपोर्ट इसीएनआर मिळतो, म्हणजे इमिग्रेशन क्लिअरन्सची कटकट वाचते. सर्टिफिकेटचं अटेस्टेशन लागू शकतं, मूळ प्रत जपून ठेवा आणि एजंटच्या हातात देऊन विसरू नका. एजंट सरकारकडे नोंदणी असलेलाच हवा. तो कायद्याने ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. लाखभर मागणाऱ्याकडे आधी नोंदणी क्रमांक मागा, तो ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, आणि पैसे दिलेच तर पावती घेतल्याशिवाय उठू नका.