वाय३८.२एक्स२डी: दहशतवादी हल्ल्यातल्या जखमीचा मेडिकल कोड कसा वाचायचा?

अमेरिकेतल्या हॉस्पिटलमध्ये प्रत्येक आजाराला आणि दुखापतीला एक कोड दिला जातो. या कोडच्या यादीचं नाव आयसीडी-१०-सीएम. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे हीच यादी वापरात आहे. पुण्या-मुंबईत मेडिकल कोडिंगचं काम करणारे अनेक तरुण रोज याच यादीवर काम करतात. तिच्यातला वाय३८ हा गट फक्त दहशतवादासाठी आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अशा नोंदींसाठी अमेरिकेत वेगळे कोड तयार झाले.

कोडचे तुकडे करून पाहूया

- वाय३८: कारण दहशतवाद
- २: स्फोट आणि उडालेले तुकडे (गोळीबार असेल तर इथे ४ येतो)
- एक्स: रिकामी जागा भरण्यासाठी
- २: जखमी व्यक्ती सामान्य नागरिक (१ म्हणजे पोलीस, अग्निशमन दलासारखे सुरक्षा कर्मचारी, ३ म्हणजे स्वतः दहशतवादी)
- डी: पुढच्या टप्प्यातले, म्हणजे फॉलो-अपचे उपचार

हा कोड कधीच एकटा येत नाही. आधी दुखापतीचा कोड लिहायचा आणि मग कारण म्हणून वाय३८.

ए, डी आणि एस मधला फरक

नवीन कोडरचा गोंधळ इथेच होतो. ए म्हणजे 'पहिली भेट' आणि डी म्हणजे 'दुसरी भेट' असं वाटतं, पण तसं नाही. भेट कितवी आहे हे मोजायचं नसतं, उपचार कोणत्या टप्प्यावर आहेत ते बघायचं असतं.

समजा, स्फोटात एका महिलेच्या उजव्या कानाचा पडदा फाटला.

१. त्याच दिवशी इमर्जन्सीत उपचार झाले: ए.
२. दोन महिन्यांनी पडद्याचं ऑपरेशन झालं: तरीही ए, कारण मुख्य उपचार अजून चालू आहेत.
३. ऑपरेशननंतर जखम भरतेय का, हे बघायला ती आली: डी.
४. कान बरा झाला, पण ऐकू कमी येणं कायमचं राहिलं: एस. इथे आधी ऐकू कमी येण्याचा कोड, मग दुखापतीचा.

त्या भेटीत दुखापतीच्या कोडला जे अक्षर लावलंय, तेच साधारणपणे वाय३८ लाही लागतं.

दहशतवादी हल्ला होता, हे कोण ठरवतं?

डॉक्टर नाही आणि कोडरही नाही. एफबीआयने ती घटना दहशतवादी असल्याचं म्हटलं असेल तरच वाय३८ वापरता येतो. नुसता संशय असेल, तर साध्या हल्ल्याचा कोड द्यावा लागतो.

एका अक्षराने काय बिघडतं?

चौथ्या पायरीवर कोडरने फक्त 'ऐकू कमी येणं' एवढंच लिहिलं, तर ती महिला रेकॉर्डमध्ये साधी कानाची पेशंट होते. तिच्या त्रासाचा स्फोटाशी असलेला संबंधच पुसला जातो. हल्ल्यानंतर लोकांना किती वर्षं उपचार लागतात हे याच नोंदींवरून मोजायचं असेल, तर तिची गणना होत नाही.

भारतात काय?

वाय३८ हा अमेरिकेच्या यादीतला कोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये दहशतवादासाठी असा वेगळा गट नाही. त्यामुळे आपल्याकडे दुखापत आणि तिचं कारण यांचा संबंध कागदावरच्या शब्दांतून जपावा लागतो. दहशतवादी हिंसाचारातल्या नागरिकांसाठी केंद्र सरकारची २००८ पासूनची मदत योजना आहे. त्यात ५० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलेल्यांचाही समावेश होतो.

म्हणून घरात किंवा ओळखीत कोणी असं जखमी झालं असेल, तर डिस्चार्ज कार्डवर दुखापत कशामुळे झाली ते स्पष्ट लिहिलंय का, हे आधी बघा. नसेल तर डॉक्टरांना तिथेच लिहून द्यायला सांगा. प्रत्येक फॉलो-अपचा कागद त्याच दिवशी मोबाईलवर स्कॅन करून तारखेच्या नावाने सेव्ह करा. पाच वर्षांनी हाच फोल्डर उपयोगी पडेल.