तक्रार नेमकी कोणाची? बोरघाट, १८५९

१/ जानेवारी १८५९. कर्जतजवळ बोरघाटात लोहमार्गाचे काम चालू असताना मजुरांचा उद्रेक झाला आणि युरोपीय कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. मुळाशी गाऱ्हाणे एकच होते, थकलेली मजुरी. मग ते दंगलीपर्यंत का गेले?

२/ आधी कामाचा आवाका पाहू. पळसदरी ते लोणावळा हे अंतर सुमारे १६ मैल, चढण १,८३१ फूट आणि बोगदे २५. कंपनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मुख्य अभियंता जेम्स बर्कली, ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले.

३/ कंपनी पैसे देई ठेकेदाराला, तो उपठेकेदाराला, तो मुकादमाला. मजूर सर्वांत शेवटी. पैसा खाली येण्याची वाट ठरलेली होती. तक्रार वर जाण्याची मात्र नव्हती. कंपनीचा करार ठेकेदाराशी होता, मजुराशी नव्हे. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येई.

४/ हा पेच आजही ओळखीचा आहे. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमधील दोष शेकडो जण पाहतात, पण ‘कोणीतरी दुरुस्त करील’ या समजुतीने तो तसाच राहतो. म्हणूनच १९९८ मध्ये आलेल्या बगझिलासारख्या व्यवस्थेत प्रत्येक दोषनोंद विशिष्ट विभागात जाते आणि तिच्यापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव लागते.

५/ बोरघाटात १८५९ मध्येच फॅव्हिएलने काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेतला आणि कामाची व्यवस्था ॲडमसन व क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांकडे सोपवली. १८६१ मध्ये येथे ४२,००० हून अधिक माणसे राबत होती.

६/ सरकारनेही मार्ग शोधला. १८६० च्या नवव्या अधिनियमाने रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकाली काढण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला. मजुराच्या तक्रारीला अखेर ठरावीक दार मिळाले.

७/ पण त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला कैदेची तरतूद केली. मजुरी थकवणे हा दिवाणी तंटा, काम सोडणे हा मात्र गुन्हा! ज्या दारी दाद मागायची, त्याच दारी शिक्षाही होऊ शकत होती.

८/ घाटातील लोहमार्ग १४ मे १८६३ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो कायदा मात्र १९३२ पर्यंत टिकला. म्हणून अशा व्यवस्थांचा इतिहास वाचताना दोन प्रश्न विचारावेत: तक्रार कोणाकडे सोपवली होती? आणि ती करणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागे?